पापांच्या बेसमध्ये काय बसवायचं

पापा गेले त्याला दहा महिने झाले होते आणि मी अजून रडले नव्हते. ही मोजदाद माझी नाही, म्बेले आत्याची. ती पापांची धाकटी बहीण, आणि आमच्या देइदो वस्तीत ज्याला ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला तिने हे सांगून झालं होतं.

पॅरिसचे काका येईपर्यंत पापांना तीन आठवडे शवागारात ठेवलं होतं. त्या तीन आठवड्यांत मी कागदपत्रं केली, मांडव ठरवला, खुर्च्या आणल्या, आला-गेला जेवला की नाही ते पाहिलं. दफनाआधीच्या जागरणाला बायका ऊर बडवून रडत होत्या आणि मी थर्मासात कॉफी भरत होते. आई मी लहान असतानाच याऊंदेला निघून गेलेली. तीसुद्धा आली, दोन दिवस व्यवस्थित रडली आणि परत गेली. तिला जमलं. आत्याने मला दंडाला धरून शवपेटीपाशी नेलं आणि म्हणाली, आता तरी. मी वाकून पाहिलं. पापांना कुणीतरी दुसऱ्याच कुणाचा टाय बांधला होता. मला तेवढंच दिसलं.

दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो पण आपला नसतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मी बंदरावर माल सोडवणाऱ्या कचेरीत काम करते. तिथे याचा फायदाच झाला. कस्टमचे साहेब ओरडायचे आणि मी त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत बसायचे. साहेबच शेवटी वरमायचे.

वर्षाच्या दिवशी आमच्याकडे दुखवटा उतरवतात. काळे झगे काढायचे, सगळ्या घराने एकाच कापडाचे नवे कपडे घालायचे, बँड बोलवायचा आणि नाचायचं. पापा चाळीस वर्षं बेस गिटार वाजवत होते, त्यामुळे त्यांच्या दिवशी बँड कोणता आणि बेस कोणता यावर घरात माझ्या लग्नाच्या वेळी झाली नसेल एवढी चर्चा झाली. (लग्न टिकलं नाही, ते सोडा.) त्यांच्या जुन्या बेसची मान वाकली होती. जाण्याआधी दोन महिने त्यांनी न्गोसो काकांकडे नवा बेस करायला टाकला होता. आत्याने फर्मान काढलं की त्या दिवशी तोच वाजला पाहिजे, आणि तो एयुमला, म्हणजे पापांना, हवा होता तसाच झाला पाहिजे. ते बघायचं काम थोरल्या लेकीचं. थोरली आणि एकुलती मीच.

न्गोसो काका पूर्वी पलंग आणि कपाटं करायचे, आता फक्त बेस करतात. त्यांचा कारखाना म्हणजे देइदोच्या मासळीबाजारामागची फळ्यांची खोली. जानेवारीत मी तिथे गेले तेव्हा हवेत नेहमीची धूळ भरली होती आणि काकांच्या भुवयांवर भुसा. बेसचं अंग तयार होतं, तांबड्या बुबिंगा लाकडाचं, मान बसवलेली. फक्त पोटात दोन खोबणी रिकाम्या होत्या.

काकांनी मला पापांचा कागद दाखवला. पापांचंच अक्षर. लाकूड बुबिंगा. मान तीन पट्ट्यांची. तारा चार, पाच नकोत. मग 'पिकअप आणि प्रीअँप', आणि त्याच्यासमोर: 'येऊन ऐकतो.'

आले नाहीत. बुधवारी येणार होते, मंगळवारी स्वयंपाकघरात पडले.

"हे बघ एतोंदे," काका म्हणाले, "पिकअप म्हणजे तारांखालचे कान. तार हलली की ते ऐकतात. आणि प्रीअँप म्हणजे तोंड. ऐकलेलं पुढे कसं सांगायचं, जाड की बारीक, ते त्याच्या हातात. कान मठ्ठ असले तर तोंड कितीही चालवलं तरी फुकट."

तीन तऱ्हेचे पिकअप त्यांनी बाकावर मांडले. एक दोन तुकड्यांचा पिकअप, गोल आणि भरदार आवाजाचा. एक बारीक लांबट, स्वच्छ बोलणारा, पण शेजारी वेल्डिंग चाललं की गुणगुणायला लागणारा. आणि एक रुंद, दोन गुंडाळ्यांचा, जो काकांच्या मते मेलेल्यालाही उठवेल. हे म्हटल्यावर काकांनी जीभ चावली. मला काही वाटलं नाही, मी त्यांना पुढे बोला म्हटलं.

प्रीअँप म्हणजे काडेपेटीएवढी पट्टी, सोबत बॅटरी. तो घेतला तर आवाजाला धार येते, कमी-जास्त करता येतं. पण बेसमध्ये वायर खुपसलेली विसरून झोपलं की बॅटरी रात्रीतून संपते, आणि ऐन लग्नात बेसची दातखीळ बसते. देइदोतला प्रत्येक बेसवाला एकदा तरी असा फसलाय, काका म्हणाले, आणि प्रत्येकाने बाजारातल्या नकली बॅटरीला शिव्या घातल्यात.

काकांनी एक जुना बेस मागून कापून ठेवला होता, त्यात पिकअप पाठीकडून सरकवून बदलता यायचे. त्यांनी एकेक लावून वाजवून दाखवला. काकांना बेस करता येतो, वाजवता येत नाही. एकच मोकळी तार ते ठोकत राहिले, धम धम धम, आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जागरणातल्या बायका बघायच्या तसंच. मी म्हटलं, तिन्ही छान आहेत.

"तुला पापांचा आवाज आठवत असेल ना? त्याच्या जवळ जाईल तो घेऊ."

इथेच सगळी गोम होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. मला पापांचा आवाज माहीत नव्हता. बेसवाल्याची पोर म्हणजे तिला बापाचा आवाज माहीत असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आमचं घर दोन खोल्यांचं, मध्ये फळ्यांची भिंत. पापा आणि त्यांचं वाजवणं त्या खोलीत, मी आणि माझी पुस्तकं ह्या खोलीत. माझ्यापर्यंत यायचा तो भिंतीतून गाळून आलेला एक दबका ठोका. लग्नाकार्यात कर्ण्यांच्या गोंगाटात बेस कुठला ते मला कधी कळलं नाही. पापा गेल्यावर त्यांची जुनी गाणी मी फोनवर लावून बघितली. फोनच्या टीचभर स्पीकरमधून सगळं ऐकू येतं, बेस सोडून. म्हणजे माणूस अडतीस वर्षं माझ्या घरात वाजवत होता आणि मी त्याला एकदाही समोरून ऐकलं नव्हतं. न रडण्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. पण त्याच्या बेसमध्ये भलतंच काही बसवलं गेलं, तर माझा बाप मला माहीतच नव्हता हे गावासमोर वाजवून सिद्ध होणार होतं. त्याची मात्र मला भीती वाटत होती, जेवढी त्या दिवसांत कशाचीही वाटू शकत होती तेवढी.

काका म्हणाले, माझ्या ठोकण्यातून तुला काय कळणार, वाजवणारा हात पाहिजे. मग थोडं थांबून, रंधा पुसत पुसत म्हणाले, "एलामेला बोलावतो."

"नको."

"अगं, माझे सगळे बेस तोच वाजवून बघतो."

"माझ्या बापाचा नको."

एलामे पापांचा शिष्य. सोळा वर्षं आमच्या त्या खोलीत पडीक असायचा. आमच्याकडचे मियोंदो आणि मासे माझ्यापेक्षा त्याने जास्त खाल्ले असतील. चार वर्षांपूर्वी पापांचा उजवा हात महिनाभर लुळा पडला होता. त्या महिन्यात आक्वातल्या एका लग्नात बँडवाल्याने एलामेला उभं केलं, आणि तो उभा राहिला. पापांना ते ठाऊक नव्हतं. ते झोळीत हात अडकवून, इस्त्रीचा कोट घालून, निदान ऐकावं म्हणून गेले आणि त्यांच्या जागी त्यांनी त्याला पाहिलं. घरी येऊन एवढंच म्हणाले की त्याचा हात माझ्या बेसला परत लागता कामा नये. हात सुधारला, राग नाही सुधारला. जागरणाच्या वेळी एलामे रस्त्यापलीकडे बंद टपरीला टेकून पहाटेपर्यंत उभा होता. आत्याने त्याला कॉफी पाठवू दिली नाही. आत्याचं नाव कशाला घ्या, कॉफी मीच भरत होते.

काकांनी मान डोलावली, म्हणजे त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या शनिवारी ये म्हणाले, चर्चमधला कुणीतरी बघून ठेवतो.

शनिवारी मी गेले तर चर्चमधला कुणी आला नव्हता. काका उगाच इकडची पट्टी तिकडे करत होते. तेवढ्यात म्बेले आत्याचा फोन आला आणि आत करवतीचा आवाज म्हणून मी बाहेर येऊन बसले. कारखान्याच्या भिंतीला लागूनच एक बाई बेन्ये, पिठाचे गोळे, तळते, तिचं बाकडं आहे. आत्याला कापड ठरवायचं होतं. निळ्यावर पिवळी फुलं की हिरव्यावर पांढरे पक्षी? मी म्हटलं कुठलंही. ती म्हणाली, कुठलंही म्हणजे काय, बाप तुझा होता. तिने निळ्याचे गुण सांगायला सुरुवात केली. मी भिंतीला पाठ टेकून हं हं करत होते.

आणि पाठीतली फळी हलली.

ठोका आला. मग थोडं थांबून दोन, मग एक ओढलेला. गाळून आलेला, दबका, पोटातून बोलल्यासारखा. पापांनी काहीतरी वाजवायला घेतलं होतं, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, आधी थोडं चालून पाहिल्यासारखं. मी आत्याला म्हटलं, थांब, पापा वाजवतायत. आत्याने विचारलं, कोण वाजवतंय? मग मला कळलं मी काय बोलले ते, आणि मी फोन ठेवला.

बेन्येवाल्या बाईने मला पाणी दिलं. माझं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक.

आत गेले तर तो मागच्या दाराने आलेला, स्टुलावर बसलेला. केस पांढरे व्हायला लागले होते. मला पाहून एलामेने तो कापलेला जुना बेस मांडीवरून उतरवायला घेतला आणि काका दोघांच्या मधे येऊन उभे राहिले, हातात पटाशी, जसं काही आम्ही मारामारीच करणार होतो.

मी काकांना विचारलं, आत्ता कुठला पिकअप होता. दोन तुकड्यांचा, ते म्हणाले. मी म्हटलं, बदला. मी बाहेर जाते.

मी बाकड्यावर जाऊन पाठ टेकली. पापा वाजत होते. पुन्हा आत जाऊन म्हटलं, आता तो तिसरा. पुन्हा बाहेर. पापाच. प्रीअँप जोडा, मी म्हटलं. काका नकली नसलेली बॅटरी शोधण्यात दहा मिनिटं घालवून आले, त्यांनी जोडला. मी डोळे मिटून ऐकलं आणि मला काडीचाही फरक कळला नाही. चार वेळा आत-बाहेर केलं तेव्हा बेन्येवाली म्हणाली, "बाई, एक काय ते ठरवा. आत बसा नाहीतर बाहेर."

तेव्हा मला वाटलं की हे सगळं भिंतीमुळे होतंय. भिंत सगळ्यांना सारखंच करते. घरीही तिने तेच केलं, आणि मी आयुष्यभर भिंतच ऐकत आले. मी आत गेले, अँपच्या समोर जमिनीवर बसले आणि एलामेला म्हटलं, आता वाजव. चार वर्षांत त्याच्याशी बोललेला माझा पहिला शब्द.

त्याने वाजवलं. मी कान मोठे करून बसले होते, आता खरा मोकळा आवाज येईल म्हणून. आला तो तोच. तोच गाळलेला, दबका ठोका. मध्ये भिंत नव्हती, फळी नव्हती, हातभर अंतरावर अँप होता, आणि तरी तो पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येत होता.

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. उजव्या तळहाताची कड त्याने तारांवर टेकवून धरली होती आणि अंगठ्याने तो वाजवत होता. तार हलायची, आणि हलली की तळहात तिला दाबून टाकायचा.

"तारा दाबून का धरतोस?"

"पा एयुम असंच वाजवायचे."

"का पण?"

त्याने काकांकडे पाहिलं. काका पटाशीची धार बघायला लागले.

"तुला माहीत नाही?" एलामे म्हणाला. "तुझी बाकची परीक्षा होती ना, शाळेची शेवटची, त्या वर्षापासून. मी तेव्हा नुकताच यायला लागलो होतो. त्याच्या आधी ते मोकळं वाजवायचे, गल्लीतली भांडी हलायची. त्या वर्षी म्हणाले, पलीकडे पोरगी अभ्यास करतेय. अँप बारीक केला तर त्यांना स्वतःलाच काही ऐकू येईना. मग हात टेकवून बघितला. भिंतीखालच्या फटीतून तुझ्या दिव्याचा उजेड यायचा. उजेड आहे तोवर हात उचलायचा नाही, मलाही उचलू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तिने दिवा मालवला की आपण मोकळे." तो हसला. "तू मालवायचीच नाहीस. मग तो हातच बसून गेला. पुढे स्टुडिओवाले बोलवायला लागले ते त्याच हातासाठी. आता देइदोत अर्धे लोक तसं वाजवतात, आणि कुणाला विचारलंस तर सांगतील, ही पा एयुमची शैली."

आधी मला वाटलं पुन्हा काहीच होणार नाही. मग राग आला. सुईचा अंमल उतरताना गाल दुखायला लागतो तसा तो आला, एका बाजूने. मला पापांचा राग आला. ह्या माणसाने एवढी वर्षं माझ्यासाठी तारा दाबून धरल्या, अनोळखी पोरांना त्या दाबायला शिकवल्या, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. उठून भिंतीपलीकडे यायला सात पावलं लागत होती.

काका खाकरले आणि म्हणाले की असं असेल तर खरं म्हणजे प्रीअँपची गरजच नाही, जी धार तो काढणार ती हा हात बुजवणार. मी म्हटलं, मला विचारू नका. "यात काय बसवायचं ते एलामे सांगेल. वर्षाच्या दिवशी वाजवणार तोच आहे. आत्याला मी बघते."

एलामेने बेस बाकावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. "नको एतोंदे. पा एयुम म्हणाले होते, माझा हात लागता कामा नये. तू तिथेच होतीस."

"त्यांना काय सगळं कळत होतं?"

"असं बोलू नये."

"का बोलू नये? त्यांना वाटत होतं मी अभ्यास करतेय." माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येईना. "मी नव्हते करत. पहिल्या वर्षी नापास झाले ना मी, कशी झाले? महिनाभर पुस्तकाचं एकच पान उघडं असायचं. दिवा मालवला की पापा म्हणायचे पोरगी झोपली, आणि उठून मित्रांकडे निघून जायचे. दिवा दिसला की वाजवत बसायचे. म्हणून मी तो जळत ठेवायचे. ते घरात राहावेत म्हणून."

एलामेने वर पाहिलं. काकांच्या हातातली पटाशी तशीच राहिली.

मला आणखी सांगायचं होतं. की फळीला पाठ लावून मी तिथे झोपायचे. की त्यांनी हात उचलून एकदा जरी मोकळं वाजवलं असतं तरी मी उठले नसते, मला चाललं असतं. पण नाक वाहायला लागलं, आणि मी काळ्या झग्याच्या बाहीने ते पुसत न्गोसो काकांच्या भुशात बसून राहिले. एलामे उठला, अँप बंद करायला गेला. मी हातानेच त्याला नको म्हटलं.